ग्रामोफोनचा कर्णा व नाचाचा बँड

यंत्र आणि कला यांच्या संबंधाविषयीं लिहितांना पाश्चात्त्य संगीताचे लेखक एक उदाहरण हटकून देतात. तें असें कीं, अमेरिकेंतील नाचाच्या बँडांत बँजो, ट्यूबा व सॅक्सोफोन हीं वाद्यें जीं शिरलीं, तीं नर्तकांच्या किंवा वादकांच्या आवडीमुळें नव्हेत, तर ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्याला तींच तेवढीं मानवत म्हणून. आणि १९२५ सालीं विजेचें ध्वनिमुद्रण आल्याबरोबर कर्ण्याचें राज्य संपलें, बँजोच्या जागीं गिटार आली व ट्यूबाच्या जागीं डबल बेस आला. हें विधान इतकें सुटसुटीत आहे कीं, एकदां वाचलें म्हणजे तें विसरत नाहीं. आम्हीहि तें पुष्कळ वर्षें खरें मानून चाललों होतों, आणि चारचौघांत मोठ्या ऐटीनें सांगतहि होतों. परंतु त्या काळच्या तबकड्या एकामागून एक लक्षपूर्वक ऐकूं लागल्यावर आमच्या मनांत शंका उत्पन्न झाली. आतां आमचें मत असें झालें आहे कीं, या विधानांतलें अर्धें खरें आहे. आणि उरलेलें अर्धें नुसतें खोटें नसून अन्यायाचें आहे. कारण ज्या वादकांचा आवाज कर्ण्यानें गिळला, त्यांना या विधानामुळें इतिहासानेंहि गिळलें.

प्रथम या कर्ण्याची हकीकत सांगितली पाहिजे. आज ध्वनिमुद्रण खिशांतल्या यंत्रानेंहि होतें. त्यामुळें तें एके काळीं किती अंगमेहनतीचें काम होतें याची कल्पना येणें कठीण झालें आहे. १९२५ पूर्वीं या कामांत विजेचा संबंध नव्हता. खोलीच्या भिंतींतून एक लांबलचक कर्णा बाहेर आलेला असे. त्याच्या अरुंद टोंकाशीं पातळ पडदा, पडद्याला जोडलेली टोंचणी, आणि टोंचणीखालीं फिरणारी मेणाची जाड तबकडी. वादकाच्या फुंकरीच्या, गजाच्या किंवा बोटाच्या जोरानेंच ती टोंचणी मेणांत रेघ कोरीत असे. दुसरी कोणतीहि शक्ति तिच्या मदतीला नसे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत. त्या तीन मिनिटांत कोणी चुकला कीं तबकडी बाजूला काढून पुन्हां पहिल्यापासून.

अशा कर्ण्याला आवाज जवळून लागे, मोठा लागे, आणि एका दिशेनें रोखलेला लागे. सेकंदाला सुमारें २५० पासून २,५०० पर्यंत कंपनें असलेले स्वर तो बऱ्यापैकीं पकडी. त्याच्या खालचे आणि वरचे स्वर त्याच्या दृष्टीनें जवळ जवळ नसल्यासारखेच. डबल बेस हें माणसाहून उंच असें तंतुवाद्य. त्याच्या सर्वांत जाड तारेला सेकंदाला चाळीसएक कंपनें होतात, आणि त्याचा आवाज चोहोंकडे पसरतो. ट्यूबाचे स्वर कांहीं त्याच्यापेक्षां उंच नसतात. परंतु त्याचें तोंड कर्ण्याकडे वळवितां येई, आणि त्याचे वरचे उपस्वर इतके बलवान असतात कीं, मूळ खर्ज मेणांत न उमटला तरी ऐकणाऱ्याचा कान तो आपल्या पदरचा भरून काढतो. व्हायोलिनची स्थिति तर केविलवाणी होती. त्याचा आवाज कर्ण्यापर्यंत पोंचेना, म्हणून लंडनमधील स्ट्रो नांवाच्या कारागिरानें १८९९ सालीं एका निराळ्याच व्हायोलिनचें पेटंट मागितलें. त्याला लाकडी पेटीच नव्हती. घोडीखालीं एक पडदा, आणि पडद्याला ॲल्युमिनियमचा कर्णा. कर्ण्यापुढें कर्णा धरून बसलेल्या त्या वादकांचीं छायाचित्रें पाहिलीं म्हणजे हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. मोठा ढोल तर खोलींत आणण्याचीच भीति; त्याच्या एका ठोक्यानें टोंचणी रेघेबाहेर उडावयाची.

आपल्याकडील जुन्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना हें नवें वाटणार नाहीं. अब्दुल करीमखांच्या १९०५ च्या सुमारच्या तबकड्या आणि त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या तीनचार वर्षांतल्या तबकड्या पाठोपाठ लावून पाहाव्या. पहिल्यांत गळा आहे, पण तो जणूं बंद पेटींतून येतो. दुसऱ्यांत गळ्याभोंवतींची हवाहि ऐकूं येते. खांसाहेबांचें वय मधल्या काळांत वाढलें हें खरें, पण हवा कांहीं वयानें येत नाहीं. तथापि पहिल्या तबकड्या ऐकून, १९०५ सालीं खांसाहेब तंबोऱ्यावांचून गात असत, असें अनुमान आपल्यापैकीं कोणी काढणार नाहीं. कारण आपणांस ती मैफल ठाऊक आहे. परक्या संगीताच्या बाबतींत हा आधार नसतो, आणि तेथें मग तबकडी हीच मैफल ठरते.

हें कसें घडतें याचें सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे किंग ऑलिव्हरच्या बँडाच्या तबकड्या. हा बँड मूळ न्यू ऑर्लिअन्सच्या वादकांचा. १९२२-२३ च्या सुमारास तो शिकागोंतील लिंकन गार्डन्स या नाचघरांत वाजवीत असे. १९२३ च्या एप्रिलच्या ५ व ६ तारखेला ही मंडळी इंडियाना प्रांतांतील रिचमंड गांवीं, एका पियानोच्या कारखान्याच्या आवारांतल्या मुद्रणगृहांत गेलीं. जवळून आगगाडीचे रूळ गेलेले होते. गाडी आली म्हणजे काम थांबवावें लागे. लुई आर्मस्ट्राँग त्या वेळीं या बँडांत दुसरा कॉर्नेट वाजवीत असे, आणि त्याचा आवाज गुरूच्या आवाजावर चढूं लागल्यामुळें त्याला खोलीच्या पार मागें उभें केलें होतें, अशी आठवण पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिननें पुढें सांगितली. ही गोष्ट गोड आहे, म्हणून सर्वत्र सांगितली जाते. परंतु आमच्या मतें त्या दोन दिवसांतल्या खऱ्या हकीकती दुसऱ्याच दोघां वादकांच्या आहेत.

पहिला बेबी डॉड्स. नाचघरांत याच्यापुढें ढोल, झांजा असा सर्व सरंजाम असे आणि त्याच्या हाताच्या हलकेपणाची सर्व वादकांत कीर्ति होती. कर्ण्यापुढें त्याच्या वाट्याला आले मुख्यतः लाकडी ठोकळे. तबकडींत जी टकटक ऐकूं येते ती त्याची. दुसरा बिल जॉन्सन. हा बँडांतला वयानें मोठा, आणि डबल बेस बोटांनीं छेडून वाजविण्यांत ज्यांनीं मार्ग घातला त्यांपैकीं एक. १९१४ पासून त्याच्या स्वतःच्या मंडळीनें अमेरिकेंतील नाटकगृहें फिरून पाहिलीं होतीं. रिचमंडला त्याच्या हातांत बेस नव्हता, बँजो होता. सगळा बँड ज्या पायावर रात्रभर उभा राही, तो पायाच त्या खोलींत आणला गेला नाहीं. ‘डिपरमाउथ ब्लूज’ या तबकडींत एके ठिकाणीं वाद्यें क्षणभर थांबतात आणि कोणी तरी उत्साहानें ओरडतो. तो आवाज जॉन्सनचा म्हणून सांगतात. बेस वाजवून ज्यानें नांव मिळविलें त्याची त्या मुद्रणांतली सर्वांत प्रसिद्ध कामगिरी म्हणजे एक आरोळी!

आतां या तबकड्यांवरून जर कोणी म्हणेल कीं, त्या काळच्या नाचाच्या बँडांत बेस नव्हता, ढोल म्हणजे लाकडी ठोकळे आणि ताल धरावयाचा तो बँजोनें, तर त्याला आम्ही एक छायाचित्र दाखवूं. सुमारें १९०५ सालचें, न्यू ऑर्लिअन्समधील बडी बोल्डनच्या बँडाचें तें छायाचित्र सर्वप्रसिद्ध आहे. बोल्डनचें एकहि ध्वनिमुद्रण उपलब्ध नाहीं. म्हणजे कर्ण्याचा या मंडळीशीं कांहींएक संबंध नाहीं. त्या चित्रांत सहा माणसें आहेत. त्यांत कॉर्नेट आहे, झडपांचा ट्राँबोन आहे, दोन क्लॅरिओनेट आहेत; आणि बाकीच्या दोघांपैकीं एकाजवळ गिटार व दुसऱ्याजवळ डबल बेस आहे. बँजो नाहीं. ट्यूबाहि नाहीं. १९२५ नंतर विजेच्या मुद्रणाबरोबर जी ‘नवी’ जोडी आली म्हणून इतिहास सांगतो, ती तर वीस वर्षांपूर्वीं या फोटोग्राफरापुढें उभी होती!

तेव्हां बँजो आणि ट्यूबा कर्ण्यानें आणले काय? मुळींच नाहीं. न्यूयॉर्कमधील क्लेफ क्लब या संस्थेच्या शंभरावर वादकांनीं १९१२ सालीं कार्नेगी हॉलमध्यें जो जलसा केला त्यांत बँजो व मँडोलिन यांची गर्दी होती. तेथें पुढ्यांत कर्णा नव्हता, श्रोते होते. या जलशाचा सूत्रधार जेम्स रीझ युरोप पुढें १९१३ च्या डिसेंबरांत व १९१४ च्या फेब्रुवारींत व्हिक्टर कंपनीकडे मुद्रण करावयास गेला, तेव्हां त्यानें आपले छेडावयाचे बँजो-मँडोलिन बरोबर नेले इतकेंच. ट्यूबाचें मूळ तर रस्त्यावरच्या मिरवणुकींत आहे. उभा बेस गळ्यांत अडकवून चालतां येत नाहीं. पितळी ट्यूबा येतो. मोठमोठीं नाचघरें बांधलीं गेलीं, हजारों पाय एकदम फरशीवर घासूं लागले, आणि आवाज मोठा करणारें कांहीं साधन तर नव्हतें. त्या गोंगाटांत ज्याचा आवाज पोंचेल तोच वादक उपयोगी. नाचघराची भिंत आणि मुद्रणगृहाचा कर्णा यांची मागणी योगायोगानें एकच होती. दोघांनाहि मोठा, खणखणीत, नेमका आवाज पाहिजे होता. कर्ण्यानें जें केलें असें आपण म्हणतों त्यांतलें पुष्कळसें नाचघरानेंच करून ठेविलें होतें. सॅक्सोफोनविषयींहि आमचें हेंच म्हणणें आहे. त्याचे स्वर कर्ण्याच्या टप्प्यांत बरोबर बसत हें खरें. पण १९१९ मध्यें आर्ट हिकमनच्या मंडळीनें न्यूयॉर्कला येऊन सॅक्सोफोनच्या जोडीच्या तबकड्या दिल्या, ती जोडी सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांतले नर्तक आधींच ऐकत होते.

ढोलाच्या बाबतींतहि ‘कर्ण्यापुढें ढोल वर्ज्य’ हा नियम सरसकट खरा नाहीं. युरोपच्या १९१४ सालच्या ‘कॅसल हाउस रॅग’च्या शेवटीं बडी गिलमोर लहान ढोलावर असा कांहीं धुमाकूळ घालतो कीं, शंभर वर्षांनंतरहि ऐकणारा खुर्चींत सरळ होऊन बसतो. याचा अर्थ एवढाच कीं, प्रत्येक मुद्रणगृहाचा कर्णा, प्रत्येक मुद्रकाचें धाडस आणि त्या त्या दिवसाचें नशीब निराळें होतें. ‘तंत्रानें असें केलें’ असें म्हणतांना हीं माणसें आपण विसरतों.

मग विधानांतलें अर्धें खरें कोणतें? आमच्या मतें कर्ण्यानें वादकांच्या हातचीं वाद्यें फारशीं बदललीं नाहींत; त्यानें बदलले ते दूरचे ऐकणारे. पॉल व्हाइटमनची ‘व्हिस्परिंग’ ही १९२० सालची तबकडी दहा लाखांवर खपली. इतक्या घरांत जेव्हां एकच बँड वाजूं लागला, तेव्हां गांवोगांवच्या वादकांना आपला बँड कसा असावा याचा नमुना मिळाला, आणि तो नमुना म्हणजे कर्ण्यांतून गाळून आलेला अर्क होता. गुरूनें नाइलाजानें जें सोडलें तें शिष्यानें नियम म्हणून सोडलें. याचा कळस झाला १९४० नंतर. जुन्या जाझचें पुनरुज्जीवन करण्याच्या भक्तिभावानें सॅन फ्रान्सिस्कोंत लू वॉटर्सनें एक बँड उभारला व १९४१ पासून त्याच्या तबकड्या निघूं लागल्या. आदर्श किंग ऑलिव्हरचा. म्हणून दोन कॉर्नेट, म्हणून बँजो, म्हणून ट्यूबा. त्या तबकड्या आम्हांस आवडतात. त्यांत जोम आहे. परंतु ऑलिव्हरचा बेस वाजविणारा ज्या कारणानें बँजो घेऊन बसला तें कारण नाहींसें होऊन सोळा वर्षें लोटलीं होतीं! इकडे न्यू ऑर्लिअन्समध्यें जे म्हातारे वादक अजून हयात होते, त्यांच्या तबकड्या विल्यम रसेलनें त्याच सुमारास काढल्या. त्यांत जॉर्ज लुइसच्या मागें डबल बेस शांतपणें आपलें काम करीत आहे. तेथें बँजो मात्र आहे, हें आम्ही लपवीत नाहीं.

दूरच्या ऐकणाऱ्यांत आपली मुंबईहि येते. ज्या लाखेच्या तबकड्यांवरून हें संगीत जगभर गेलें ती लाख बव्हंशीं हिंदुस्थानची. तेव्हां तें येथें परत यावें हें न्याय्यच होतें. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले गोमंतकीय वादक अँटोनिओ झेवियर वाझ यांना लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांच्या पिढीला तरुणपणीं आर्मस्ट्राँग भेटला तो तबकडीवरच. परंतु मुंबईला तबकडीबरोबर एक जिवंत साक्षीदारहि लाभला होता. १९३६ सालीं ताजमहाल हॉटेलांत क्रिकेट स्मिथ नांवाचा निग्रो वादक आपल्या मंडळीसह वाजवीत असे. हाच मनुष्य १९१४ मध्यें न्यूयॉर्कला जेम्स रीझ युरोपच्या मंडळींत कॉर्नेट घेऊन व्हिक्टरच्या कर्ण्यापुढें उभा होता; गिलमोरच्या ढोलाबरोबर जो कॉर्नेट ऐकूं येतो तो त्याचाच. मुंबईंत १९३६ मध्यें त्याच्या तबकड्या निघाल्या त्या मायक्रोफोनपुढें. कर्ण्यांत न मावलेला बँड कसा वाजत असे हें सांगूं शकणारा मनुष्य अपोलो बंदरावर राहत होता, आणि आमच्या माहितींतल्या कोणत्याहि मराठी लेखकानें त्याला तें विचारलें नाहीं.

आतां १९२५ कडे वळूं. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत तयार झालेली विजेच्या मुद्रणाची पद्धत त्या वर्षाच्या आरंभीं व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनीं घेतली. कंपनांची मर्यादा एकदम सुमारें १०० पासून ५,००० पर्यंत रुंदावली. यानंतर डबल बेस पुढें आला हें निर्विवाद. १९२६ च्या सप्टेंबरांत जेली रोल मॉर्टनच्या ‘ब्लॅक बॉटम स्टाँप’मध्यें जॉन लिंडसेचा बेस, आणि १९२७ च्या फेब्रुवारींत जीन गोल्डकेटच्या बँडाच्या ‘माय प्रिटी गर्ल’मध्यें स्टीव्ह ब्राउनचा बेस ऐकावा. दोघेहि न्यू ऑर्लिअन्सचे. यंत्र सुधारतांच दोन वर्षांच्या आंत इतके तयार बेसवादक कोठून उगवले? ते उगवले नाहींत. ते वाजवीतच होते. फक्त दार उघडलें.

मात्र दार उघडलें म्हणून जुनें बिऱ्हाड लगेच बाहेर पडलें नाहीं. मॉर्टनच्या त्याच तबकडींत लिंडसेच्या शेजारीं जॉनी सेंट सिर बँजो वाजवीत आहे, आणि ड्यूक एलिंग्टनच्या फ्रेड गायनें बँजो ठेवून गिटार उचलली ती १९३३ च्या सुमारास. म्हणजे परवानगी मिळाल्यावर आठ वर्षांनीं! मधल्या काळांत एडी लँगनें गिटार किती सुसंस्कृतपणें बोलूं शकते हें दाखवून दिलें. त्याची १९२७ सालची, बिक्स बायडरबेकबरोबरची तबकडी आम्हांला आजहि पुन्हां पुन्हां ऐकाविशी वाटते. गायकांविषयीं लिहूं लागलों तर स्वतंत्र लेख होईल. अल बोली हा १९२६ मध्यें कलकत्त्याच्या हॉटेलांत बँजो वाजवीत होता, आणि पुढें लंडनमध्यें मायक्रोफोनशीं कुजबुजून त्यानें एका पिढीला वेड लावलें, एवढा एकच दाखला येथें पुरे.

यंत्रानें खरोखर वाद्यांची योजना घडविल्याचा दाखला पाहिजे असेल तर तो कर्ण्याच्या काळांत शोधूं नये. १९३० सालीं एलिंग्टननें केलेल्या ‘मूड इंडिगो’कडे जावें. तीन वाद्यांची नेहमींची उतरंड त्यानें उलटी केली. वर तोंड झांकलेला ट्रंपेट, मधें तसाच ट्राँबोन, आणि सर्वांत खालीं, आपल्या अगदीं खर्जाच्या पट्टींत, क्लॅरिओनेट. या तिघांच्या स्वरांचा मेळ मायक्रोफोनमध्यें पडला म्हणजे कोणीच न वाजविलेला असा एक भासमान स्वर निघे. तो दोष टाळण्याऐवजीं एलिंग्टननें त्याचाच उपयोग करून घेतला, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे. येथें रचनाकार यंत्राला शरण गेला नाहीं किंवा त्याच्याशीं भांडलाहि नाहीं; त्यानें त्याला बँडांत चौथा वादक म्हणून घेतलें. रिचमंडच्या खोलींतल्या लाकडी ठोकळ्यांपेक्षां ही गोष्ट कितीतरी महत्त्वाची. परंतु ती एका वाक्यांत सांगून टाळ्या घेतां येत नाहींत म्हणूनच कीं काय, फारशी सांगितली जात नाहीं.

बिल जॉन्सनचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. १९२८ च्या जुलैंत शिकागोंत जॉनी डॉड्सच्या एका लहान मंडळीनें व्हिक्टरकरितां कांहीं तबकड्या केल्या. त्यांत एकीचें नांवच ‘बुल फिडल ब्लूज’, म्हणजे बेसाच्या नांवानें. जॉन्सनचें वय त्या वेळीं पन्नाशीच्या पुढें गेलें होतें. बाकीचे थांबतात, आणि तो एकटा वाजवितो. तारेवरून सुटणारें बोट आणि लाकडावर आपटणारी तार हीं दोन्हीं स्पष्ट ऐकूं येतात. पांच वर्षांपूर्वीं रिचमंडच्या कर्ण्यापुढें नसलेला पाया हाच. त्याच तबकडींत बेबी डॉड्सहि आहे. आतां मायक्रोफोन होता, ढोल आणण्यास पूर्वीइतकी आडकाठी राहिली नव्हती. पण त्या मंडळीची तऱ्हाच तशी ठरलेली, म्हणून डॉड्स वाजवितो आहे कपडे घासावयाची पन्हळी पाटी, आणि तीहि मोठ्या मजेंत. त्याचे ढोल मनसोक्त ऐकावयाचे असतील तर १९४६ सालीं घेतलेलें त्याचें मुद्रण मिळवावें. त्यांत बँड नाहीं. डॉड्स एकटाच बोलतो, आणि वाजवून दाखवितो.